सामना आठ वाजता, बालेवाडीला

आधी स्वेटर घ्या. आत्ता ऊन आहे म्हणून खुंटीवरच ठेवून निघालात, तर रात्री दहा वाजता बालेवाडीच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत काखेत हात घालून बसावं लागेल. आपण 2017 च्या नोव्हेंबरात चाललो आहोत. पुण्याची थंडी या दिवसांत दुपारभर कुठेतरी दडी मारून बसते आणि सूर्य चतुःशृंगीच्या टेकडीमागे गेला रे गेला की गल्लीबोळांतून बाहेर येते.

बुधवार आहे. ऑफिसातून तुम्ही पाचलाच निघालात आणि कारण विचारल्यावर खरं तेच सांगितलंत, मॅच आहे. "आज कुठली मॅच?" शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, कारण मॅच म्हणजे क्रिकेट हे त्या टेबलावर ठरलेलं. फुटबॉल, तुम्ही म्हणालात. पुणे सिटी विरुद्ध मुंबई सिटी. मुंबईचं नाव ऐकल्यावर मात्र ती मान वर झाली. ऑफसाइड म्हणजे काय हे ज्याला आयुष्यात कळलं नाही, त्या पुणेकरालाही मुंबईला हरवायचं असतं एवढं नक्की कळतं.

मेट्रो शोधू नका, ती अजून यायची आहे. शनिवार पेठेतून स्कूटर काढा आणि गणेशखिंडीचा रस्ता धरा. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल अजून उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी रोजचीच कोंडी. शेकडो इंजिनं एकाच वेळी धापा टाकतायत. पुढच्या बसचा काळा, ऊबदार धूर थेट तोंडावर येतोय. शेजारच्या गाडीवरची मुलगी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून घेते. तिच्या सॅकच्या चेनमधून नारिंगी कापडाचा एक कोपरा बाहेर आलाय. तुमचं लक्ष तिकडे जातं, तिचं तुमच्या जर्सीच्या कॉलरकडे. दोन्ही माना एकदा हलतात आणि सिग्नल सुटतो. पुढे बाणेर रोडभर असे कोपरे दिसत राहतात. रिक्षाच्या मागच्या काचेतून, बसच्या खिडकीतून, बाइकवर तिसऱ्या जागी बसलेल्या पोराच्या कपाळाला बांधलेले. अर्धवट उभ्या इमारतींच्या ओल्या सिमेंटचा वास येतो, मग कोपऱ्यावर निखाऱ्यांवर भाजलेल्या कणसाचा. थांबा. लिंबू आणि तिखट चोळून एक घ्याच. आत गेल्यावर असं काही मिळणार नाही.

राधा चौकाशी आलात की हायवेची धडधड पायांखाली जाणवते. जरा बघून घ्या हा रस्ता. याचं एक टोक मुंबईला जातं, दुसरं बंगळुरूला. या हंगामात पुण्याचं जे काही होणार आहे ते याच रस्त्याच्या दोन टोकांवरून येणार आहे.

गाडी लावायला जागा सापडते ती गेटपासून चांगली दहा मिनिटांवर. तिथून चालत जायचं. रस्त्याच्या कडेला पथारी टाकून जर्सी विकणारे, गालांवर रंगाचे पट्टे ओढून देणारे, पिपाण्या, झेंडे, शेंगदाण्याच्या पुड्या. एक बाप खांद्यावर पोराला घेऊन चाललाय आणि पोर त्याच्या डोक्यावर ताल धरतंय. गेटवर झडती. पाण्याची बाटली बाहेर, सुटी नाणी बाहेर, पॉवर बँक बाहेर. एक काकू पर्समधली बडीशेपेची डबी शिपायाला उघडून दाखवतायत. त्यांच्या मागे रांग खोळंबलीय, पण कुणी कुरकुरत नाही, कारण आतून ढोलाचा पहिला ठोका आलाय.

पायऱ्या चढा. अंधारा बोळ, ओल्या भिंतींचा वास, पुढच्या माणसाची पाठ. आणि एकदम हिरवं. फ्लडलाइटच्या उजेडात गवत दिवसापेक्षाही जास्त हिरवं दिसतं. टीव्हीवर शंभर वेळा पाहिलेलं असलं तरी पहिल्यांदा प्रत्यक्ष बघताना पाय दारातच अडखळतात. मागचा ढकलतो, "चला पुढे, चला!"

मैदान आणि तुमच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. हे संकुल उभं राहिलं ते 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. नुसत्या फुटबॉलसाठी हे स्टेडियम बांधलंच नव्हतं. त्यामुळे खेळाडू लांब वाटतात. पण कान टवकारलेत तर बुटाने चेंडूला मारलेली थाप ऐकू येते. आधी पाय हलताना दिसतो आणि मग, निमिषभराने, आवाज पोचतो. दोन-तीन सामन्यांत तुम्हाला त्याची सवय होईल.

आता शेजारी कोण आहे ते बघा. या हंगामातली खरी गंमत मैदानात जेवढी आहे तेवढीच या खुर्च्यांवर आहे.

डावीकडे खडकीचे एक काका आहेत. डोक्याला कानटोपी, हातात पुठ्ठ्याच्या कपात चहा. त्यांच्या हिशोबात पुण्याचा फुटबॉल म्हणजे कॅम्प, खडकी आणि घोरपडी. लष्कराच्या वस्त्यांभोवती वाढलेला, पेठांनी कधी फारसा न पाहिलेला. पुणे एफसीच्या दिवसांपासून ते इथे येतायत. "2013 ला आपण आय-लीगमध्ये दुसरे आलो होतो," ते सांगतात. "चर्चिल ब्रदर्स पहिले." मग भारत एफसी आली. 2015 मध्ये तर याच मैदानाला घर म्हणणारे पुण्याचे तीन संघ होते, दोन आय-लीगमधले आणि हा एक इंडियन सुपर लीगमधला. पुणे एफसी आणि भारत एफसी बंद झाले. काका चहाचा घोट घेतात. "हा राहिलाय."

उजवीकडे कोल्हापूरची चार पोरं. इंजिनिअरिंगला आलेली, होस्टेलवर राहणारी. यांना फुटबॉल शिकवायला जाऊ नका. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार असल्या नावांवर यांच्या घरात भांडणं झालेली असतात आणि शाहू स्टेडियमवर आजोबांच्या मांडीवर बसून यांनी सामने पाहिलेले असतात. अख्ख्या बालेवाडीत सगळ्यात मोठा घसा यांचाच. "ए भावा, सोड की बॉल!" ही हाक त्या ट्रॅकपलीकडे कुणा खेळाडूपर्यंत पोचते की नाही माहीत नाही, पण चार रांगा मागे वळून बघतात हे खरं.

त्यांच्या पुढे मणिपूर-मिझोरमची मुलंमुली, फर्ग्युसन-वाडियात शिकणारी. त्यांच्या पुढे आयटीतला एक बंगाली, हा संघ घरचा वाटावा म्हणून हट्टाने दर वेळी येणारा. पुणं ज्या माणसांनी बनलंय ती सगळी एका स्टँडमध्ये. पेठेतल्या तुम्हाला यातलं कुणी एरवी भेटलं नसतं.

सामना सुरू. नारिंगीतला दहा-बारा पावलं नाचत पुढे जाणारा तो मार्सेलिन्यो. ब्राझीलचा. मागच्या वर्षी दिल्लीकडून खेळताना त्याने दहा गोल मारून लीगचा गोल्डन बूट नेला. त्याच्या पुढे उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो. गोलाकडे पाठ असली तरी तो कुठे आहे हे त्याच्या खांद्यांना ठाऊक असतं. बाजूला उभा राहून हात फेकतोय तो सर्बियाचा प्रशिक्षक रांको पोपोविच. पहिल्या तीन हंगामांत या संघाने नावं मोठी आणली होती. फ्रान्सचा त्रेझेगे आला, रुमानियाचा मुतू आला, इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक म्हणून आला. पोस्टर सुरेख झाली. पण वरच्या चारांत जागा एकदाही मिळाली नाही. या वेळी पोस्टर साधं आहे आणि संघ खरा आहे. माझं हे मत मी आज नाही, त्या थंडीतच बनवलं होतं.

पहिला सामना याच मैदानावर दिल्लीकडून 2-3 असा गेला, म्हणून तुम्ही थोडे धास्तावलेले आहात. पण तीनच दिवसांपूर्वी पोरांनी कोलकात्यात जाऊन गतविजेत्या एटीकेला 4-1 ने लोळवलंय. घरी बसून पाहताना तुम्ही असे ओरडलात, की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

आणि आज पंधरा-एक मिनिटांतच मुंबईचा बलवंत सिंग गोल मारतो.

शांतता काय असते ते आता कळेल. हजारो माणसं एकदम गप्प झाल्यावर हायवेवरचे ट्रक ऐकू यायला लागतात. कोपऱ्यातला निळ्या जर्सींचा एक पुंजका उड्या मारतोय. एक्स्प्रेसवेने दुपारी आलेत. त्यांच्या ओरडण्याचा प्रत्येक शब्द स्पष्ट कानावर येतो, आणि त्यातला एकही तुम्हाला आवडत नाही.

मध्यंतराला वडापाव घ्या. गार झालाय, पाव दमट आहे, चटणी मात्र नाकात जाते. खाऊन घ्या. दुसऱ्या अर्धात हात मोकळे लागतील.

हळूहळू अंगात थंडी मुरत जाते आणि त्याच वेळी मैदानावर काहीतरी तापायला लागतं. चेंडू सारखा मुंबईच्या बाजूला. ढोल आधी संथ वाजत होता, आता त्याचा ठेका चेंडूच्या मागे पळतोय. पेनल्टी! रेफ्रीचा हात ठिपक्याकडे गेलेला तुम्हाला दिसला नाही, कोल्हापूरच्या पोरांना दिसला. अल्फारो चेंडू ठेवतो. काका कानटोपी काढून हातात घेतात. का, ते त्यांनाही सांगता येणार नाही. पळतो, मारतो, जाळी हलते. 1-1.

यानंतर तुम्ही बसत नाही. कुणीच बसत नाही. तोंडातून वाफ येतेय. घसा बसलाय. घड्याळाची नव्वद मिनिटं सरतात. जादा वेळाचा फलक वर जातो. काही माणसं पार्किंगच्या काळजीने जिन्याकडे निघालीयत. त्यांना थांबवा. हात धरून थांबवा. कारण आता, या शेवटच्या श्वासात, चेंडू गोलासमोर येतो, पुढच्या रांगेतला माणूस उडी मारतो, तुम्हाला फक्त त्याची नारिंगी पाठ दिसते, आणि मग आवाज येतो. तो आवाज एका घशातला नाही. तो खालून, खुर्च्यांमधून, पावलांतून वर येतो. अल्फारो. पुन्हा अल्फारो. 2-1. गोल तुम्हाला दिसलाच नाही, तरी पुढची कित्येक वर्षं तुम्ही तो पाहिला म्हणून सांगणार आहात आणि ते खोटं नसेल. बंगाली मुलाने तुम्हाला मिठी मारलीय. त्याच्या जर्सीला फिनेलसारखा काहीतरी वास आहे. खडकीच्या काकांचा चहा तुमच्या स्वेटरवर सांडलाय. तो डाग जपा.

जिन्यातून उतरताना निळ्या जर्सीतली एक मुलगी रडवेल्या तोंडाने उभी असते. कोल्हापूरचा पोरगा तिला म्हणतो, "ताई, परत या हं. मिसळ खायला घालतो."

आता पटपट चालू. डिसेंबरात या.

रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव सुरू झालाय. घरातले सगळे शाली घेऊन तिकडे निघालेत आणि तुम्ही ढोल ऐकायला बालेवाडीला. आई म्हणते, "एक दिवस तरी चल की." तुम्ही उद्याचं वचन देता. आज बंगळुरू आलंय. या लीगमधलं त्यांचं पहिलंच वर्ष, पण खेळतात असे, की जणू लीग त्यांनीच सुरू केली. कॉर्नरवरून गोव्याचा आदिल खान डोकं घालतो आणि पुणे 1-0 पुढे. अर्धा तास स्वर्ग. मग दुसऱ्या अर्धात बलजित साहनीला लाल कार्ड. अकराचे दहा झाले. बंगळुरूचा मिकू एक, मिकू दोन, शेवटी सुनील छेत्री. 1-3. परतीच्या वाटेवर हेल्मेटच्या आत तुमचा स्वतःचा श्वास फार मोठ्याने ऐकू येतो. घरी पोचता तेव्हा मंडळीही आलीयत, तंबोऱ्याचा सूर अजून डोळ्यांत घेऊन. "कसं झालं?" आई विचारते. "शेवट विस्कटला," तुम्ही म्हणता. ती समजते. तिच्या पानातला गरम भात तुमच्याकडे सरकवते.

वर्षाची अखेर. एकतीस डिसेंबरच्या आदल्या रात्री नॉर्थईस्टचा संघ येतो. मणिपूर-मिझोरमच्या त्या मुलांची आज पंचाईत. अर्ध्यांनी गालावर दोन्ही संघांचे रंग लावलेत. एक मुलगी दोन स्कार्फ घालून आलीय. मग मार्सेलिन्यो सुटतो. एक, दोन, तीन. हॅटट्रिक. आशिकचा एक, आदिल खानचा एक. 5-0. चौथ्या गोलाला ती मुलगी एक स्कार्फ काढून शेजारणीला देते आणि दुसरा हवेत फिरवायला लागते. बाहेर पडताना कुणीतरी फटाके लावतं. नव्या वर्षाचे आहेत की कशाचे, कुणी विचारत नाही. दारूचा वास मागच्या चार-पाच रांगांतून येतोय आणि एक संपूर्ण कुटुंब, आजीसकट, "पुणे! पुणे!" करत पार्किंगकडे चाललंय.

आशिक कुरुनियनबद्दल सांगायलाच हवं. मूळचा केरळातल्या मलप्पुरमचा. पोरवयात पुण्यात आला, पुणे एफसीच्या अकादमीत. देहूरोडजवळ मामुर्डीला. तो क्लब बंद पडल्यावर अकादमी पुणे सिटीने घेतली आणि हा पोरगा मधल्या काळात स्पेनला व्हिलारेआलच्या पोरांबरोबर सराव करून परत आला. आता वीस वर्षांचा आहे. डावीकडून पळायला लागला की बचाववाला आधी वळतो आणि मग पळतो, तेवढ्यात हा निघून गेलेला. मराठी थोडंथोडं कळतं त्याला. खडकीचे काका त्याला नावाने हाक मारत नाहीत. "आपला पोरगा" म्हणतात. "बॉल आपल्या पोराला दे!" विकत आणलेल्या खेळाडूवर टाळ्या वाजवता येतात, हा मात्र डोळ्यांदेखत इथेच वाढलाय.

जानेवारीत पहाटे गवतावर दव, रात्री स्टँडमध्ये शेकोटीची आठवण. एटीके परत आलं, 3-0 ने गेलं. जमशेदपूर 2-1. संघ वरच्या चारांत आहे, आणि ऑफिसातल्या त्या शेजारच्या टेबलाने तुमच्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे का अशी चौकशी केलीय. त्याला घेऊन या, पण फेब्रुवारीत केरळाविरुद्धच्या सामन्याला नका आणू. त्या रात्री बालेवाडी पिवळी होते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून, दवाखान्यांतून, हिंजवडीच्या ऑफिसांतून पुण्यातला सगळा मल्याळी माणूस पिवळा सदरा घालून आलाय. नारळाच्या तेलाचा आणि केळ्याच्या वेफर्सचा वास. घरच्या मैदानावर तुम्हीच पाहुणे. त्यांच्या घोषणांना जी लय आहे ती ऐकून कोल्हापूरची पोरंही क्षणभर गप्प होतात आणि मग दुप्पट जोराने ओरडतात. जॅकीचंदने त्यांना पुढे नेलं, पेनल्टीवर पुण्याने बरोबरी केली, आणि अगदी शेवटच्या क्षणी विनीतने मारलेला चेंडू जाळीत गेला. मुंबईला तुम्ही जे केलं होतं तेच कुणीतरी तुम्हाला केलं. खडकीचे काका उठून टाळ्या वाजवतात. विनीतसाठी. तुम्ही त्यांच्याकडे रागाने बघता. नंतर, महिन्याभराने कधीतरी, ते बरोबर होते हे तुम्हाला कळतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस गोव्याने चार मारले, शून्य घेतले. तो सामना आपण इथेच सोडून देऊ.

कारण आता मार्च आहे आणि पुणे उपांत्य फेरीत आहे. चार हंगामांत पहिल्यांदा. 18 सामने, 30 गुण, चौथं स्थान. पहिल्या स्थानावर 40 गुणांचं बंगळुरू, आणि तेच समोर. रस्त्याचं ते दुसरं टोक.

स्वेटर घरी ठेवा. हवा बदललीय. आदल्या दिवशी रंगपंचमी झालीय. तुमच्या कानामागे गुलाबी रंग आहे, घासूनही न गेलेला. स्टँडमध्ये सगळ्यांच्याच कानामागे काही ना काही आहे, हिरवं, जांभळं. गरम वाऱ्यावर धूळ आणि कापलेल्या गवताचा वास. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू आहेत. पुढच्या रांगेत एक मुलगा मोबाइलच्या उजेडात भूगोलाची वही घेऊन बसलाय. शिट्टी वाजेपर्यंत वाचायचं असं घरी कबूल करून आलाय म्हणतो. वडील शेजारीच आहेत. शिट्टी वाजल्यावर वही त्यांनीच त्याच्या हातातून काढून घेतली.

समोरच्या कोपऱ्यात बंगळुरूचे निळे लोक. रात्रभर बसने प्रवास करून आलेले, एका सुरात गाणारे. त्यांच्या शिस्तीचा हेवा वाटतो. आपल्या गोलात हिमाचलचा विशाल कैथ, सडपातळ, लांब हातांचा. समोर सुनील छेत्री. भारताने पाहिलेला सगळ्यात चांगला गोल मारणारा, आणि दोन तास तरी तुम्हाला तो अजिबात आवडायचा नाहीये.

या सामन्यात एकही गोल होत नाही. तरी, मी सांगतो, हंगामातल्या सगळ्या सामन्यांतून एकच निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. घाम मानेवरून पाठीवर उतरतोय. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. प्रत्येक टॅकलला अख्ख्या स्टँडचे दात आवळतात. कैथ चेंडू छातीशी धरतो तेव्हा हजारो माणसं एकदम श्वास सोडतात आणि तो श्वास खरोखर वाऱ्यासारखा अंगाला लागतो. ओळखीच्या माना सगळीकडे आहेत. विद्यापीठ चौकातल्या स्कार्फवाल्या मुलीला आता तुम्ही नावाने ओळखता. दोन स्कार्फवाल्या मिझो मुलीने आज एकच घातलाय. ऑफिसातलं शेजारचं टेबल तुमच्या मागे उभं राहून ऑफसाइडवरून रेफ्रीशी वाद घालतंय. आणि बरोबर घालतंय! एका संघाला गाव मिळतं ते असं. नोव्हेंबरात ही माणसं सामना बघायला आली होती. मार्चमध्ये ती स्वतःच्या घराची राखण करायला आलीयत.

0-0. शिट्टी वाजल्यावर कुणी निघत नाही. खेळाडू ट्रॅक ओलांडून स्टँडच्या जवळ येतात. चार महिन्यांत पहिल्यांदा तुम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरचा घाम दिसतो. आपला पोरगा दमलाय, कंबरेवर हात ठेवून उभा आहे. काका काहीच बोलत नाहीत. हात वर करतात, तो हात वर करतो.

परतीचा सामना रविवारी, बंगळुरूला. तो कोल्हापूरच्या पोरांच्या होस्टेलच्या मेसमध्ये बघू. टीव्ही एक, माणसं चाळीस, पंखा दोन नंबरच्या पुढे जात नाही. उसळीचा आणि ओल्या फरशीचा वास. पंधराव्या मिनिटाला छेत्री. दुसऱ्या अर्धात पेनल्टी, छेत्री. चाळीस माणसं आणि चमच्याचाही आवाज नाही. मग पुण्याचा जोनाटन लुका फ्री किक घ्यायला उभा राहतो. लांबून. चेंडू भिंतीवरून वळतो आणि थेट जाळीत. 2-1! बाहेरच्या मैदानावरचा गोल आहे, आता अजून एकच हवा. एकच! बाकं आडवी होतात, वरच्या मजल्यावरून पळत पावलं येतात, मेसचे मामा भाकरी तव्यावर तशीच टाकून दारात येऊन उभे राहतात. सात-आठ मिनिटं. त्या सात-आठ मिनिटांत पुणे अंतिम सामन्याच्या एका गोलावर होतं. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा छेत्री तिसऱ्यांदा गोलासमोर मोकळा होता.

3-1.

मामांनी नवी भाकरी टाकली. पोरांनी बाकं सरळ केली. कुणीतरी म्हणालं, "पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष आलं. संघ सातवा आला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या अडचणीत क्लब बंद झाला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबादने 2022 मध्ये लीग जिंकली. विशाल कैथ आणि आशिक पुढे दोघेही मोहन बागानमध्ये पोचले, आणि आशिक भारताकडूनही खेळला. तेव्हापासून देशाच्या सर्वोच्च साखळीत पुण्याचा एकही संघ नाही.

आता परत या. विद्यापीठ चौकातला तो पूल पाडलाय, सांभाळून वळा. पुणे जिल्हा साखळीचे सामने अजून होतात. कॅम्पातली, खडकीतली, घोरपडीतली पोरं अजून खेळतात. पोटमाळ्यावर ती नारिंगी जर्सी असेल तर खाली काढा, धुवा, आणि या हिवाळ्यात एका रविवारी ती घालून त्यांच्या लाइनीवर जाऊन उभे राहा. कानटोपी घातलेले कुणी काका दिसले, तर त्यांच्या शेजारी.